साऊंडबॉक्सवरच्या दोन रेघा

वसईला मी आयुष्यात दोनदाच गेलो. पहिल्या खेपेच्या चार दिवसांचं वर्णन मी परत आल्यावर आमच्या ऑफिसच्या हस्तलिखित अंकात लिहिलं होतं. त्यात केळीच्या बागा होत्या, अर्नाळ्याचा किल्ला होता, तांदळाच्या भाकरीवर तर एक अख्खा परिच्छेद होता. लोकांनी ते आवडीने वाचलं. ज्या कामासाठी गेलो होतो ते मात्र मी तीन ओळींत उरकलं होतं, आणि त्यातली एक ओळ खोटी होती. पुढे कुणी वसईचा विषय काढला की मी घाईघाईने सुकेळ्यांबद्दल बोलू लागायचो. चाळीसेक वर्षं मी असाच निसटलो. आता माझं वय दादांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलं आहे. म्हणून तोच प्रवास पुन्हा लिहितो, या वेळी सगळा.

दादा म्हणजे माझे वडील. कराडजवळच्या एका गावात ते शाळेचे हेडमास्तर होते. लग्नाआधी त्यांनी एक फोनो, म्हणजे ग्रामोफोन, घेतला होता, हँडल मारून चालवायचा, पेटीसारखा बंद होणारा. आई गेली त्या वर्षी त्याची स्प्रिंग गेली. त्यानंतर दादांनी त्यावर विणलेलं कापड घातलं आणि वर पंचांग ठेवायला सुरुवात केली. ते पंच्याहत्तर वर्षांचे होणार होते, तेव्हा मी मनाशी ठरवलं की तो फोनो चालू करून त्यांच्यापुढे ठेवायचा. दुरुस्तीला नेतो एवढंच त्यांना सांगितलं.

पण कुणाकडे न्यायचा? आमच्याकडे एका घड्याळवाल्याने दादांच्याच भिंतीवरच्या घड्याळाचं आतलं जुनं मशीन काढून दुसरं बसवलं होतं. ते आम्हाला दोन वर्षांनी कळलं. तेव्हापासून कुठलाही कारागीर पाठ वळवून काम करायला लागला की मला त्याची पाठ बघवत नसे. ऑफिसातले चुरी मूळचे वसईकडचे. ते म्हणाले, "आमचे नाना आहेत सांडोरला. मुंबईत फोनोच्या वर्कशॉपात होते, आता घरीच असतात. त्यांच्याकडे जा. उतरायचंही त्यांच्याच घरी."

"त्यांच्याच घरी?" मी विचारलं.

"मग काय रस्त्यावर झोपणार?"

मला ते विचित्र वाटलं. जो मशीन उघडणार तोच जेवायला घालणार, म्हणजे चार दिवस आपलं तोंड बंद. एकोणऐंशीच्या डिसेंबरात फोनो गादीच्या कापडात गुंडाळून मी निघालो तो हा विचार डोक्यात घेऊनच.

सांडोर, पहिला दिवस

आमच्याकडे गाव म्हणजे एका जागी दाटलेली घरं आणि भोवती उघडं रान. सांडोरला घर संपतं कुठे आणि बाग सुरू होते कुठे हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. केळीची पानं थेट ओटीवर वाकलेली. मधून पाटाचं पाणी. नानांच्या शेजारच्या ख्रिस्ती घरावर नाताळचा कागदी तारा टांगलेला, आणि नानांच्या दारात तुळस. दोन्ही घरांची विहीर एकच होती.

नाना साठीच्या पुढचे, सडपातळ, गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बनियन. त्यांच्या बायकोने, काकूंनी, गुळाचा चहा दिला. मी खाली बसायच्या आत त्यांनी विचारलं, "बोंबील खाता ना? का देशावरचे म्हणून मटणाशिवाय चालत नाही?"

"खाईन की."

"खाईन की म्हणजे कधी खाल्ले नाहीत," काकू आत वळून म्हणाल्या, आणि मग त्यांच्या घरच्या बोलीत मुलीला काहीतरी सांगितलं. दोघी हसल्या. ती बोली मला अर्धीमुर्धी कळे. उरलेल्या अर्ध्यात आपलाच विषय आहे असं मी धरून चालत होतो.

जेवण झाल्यावर नानांनी पेटी उघडली. मला वाटलं होतं की ते थेट स्प्रिंगला हात घालतील. त्यांनी तसं केलं नाही. आधी सगळा फोनो त्यांनी नुसता बघितला. खिडकीच्या उजेडात एकेक भाग धरून, फिरवून, अंगठा फिरवून. ज्यात पिन बसवतात तो गोल पितळी डबा, साऊंडबॉक्स, त्यांनी काढून हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"हा असा आता मिळत नाही," ते म्हणाले. "आतली चकती अभ्रकाची आहे. शाबूत आहे."

त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मला आवडलं नाही.

"इथे काठाला खोच आहे, बघा. केव्हाची?"

"मी लहानपणी पाडला होता."

"मग ती राहू दे. आमच्या वर्कशॉपात मिस्त्री सांगायचा, गिऱ्हाईकाच्या वस्तूवरची जुनी खूण घरची असते, तिला हात लावायचा नाही. नवी खूण कारागिराची. ती ठेवून वस्तू परत द्यायची नाही." त्यांनी साऊंडबॉक्स पुन्हा उलटसुलट केला. "नवीन एकही ओरखडा नाही. मागची बाजू तर अगदी साफ. नीट सांभाळलाय तुमच्या वडिलांनी."

त्यांनी तो परत बसवला. मी मान डोलावली, पण त्या बोलण्यातलं माझ्या मनात एवढंच राहिलं: असा आता मिळत नाही.

दुसरा दिवस

सकाळी काकू मला सुकेळी दाखवायला परसात घेऊन गेल्या. पिकलेली राजेळी केळी सोलून, उभी चिरून कारवीच्या ताट्यांवर उन्हात घातलेली. आठेक दिवस ती रोज उलटायची, संध्याकाळी आत घ्यायची. वाळून मधासारखी झाली की केळीच्याच वाळक्या पानात बांधायची.

"एक चाखा."

मी चाखलं. आमच्याकडे गोड म्हणजे गूळ नाहीतर साखर. नुसत्या उन्हाने एवढं गोड होतं हे मला ठाऊक नव्हतं.

"आवडलं ना? मग तोंड असं का?" काकूंनी विचारलं. "ह्यांच्यावर भरवसा नाही होय?"

त्या थट्टेने म्हणाल्या. मी हसलो, आणि कान गरम झाले.

नाना अजून मळ्यात पाणी सोडत होते. पेटी ओटीवर तशीच होती. मी साऊंडबॉक्स काढला, विहिरीच्या मागच्या अंगाला गेलो, आणि सेफ्टी पिनच्या टोकाने त्याच्या मागच्या बाजूला, मानेजवळ, दोन बारीक आडव्या रेघा ओढल्या. पितळ आतून कोवळं चमकलं. बदलला तर कळेल, मी स्वतःशी म्हणालो. साऊंडबॉक्स जागच्या जागी बसवला आणि पाय धुऊन ओटीवर येऊन बसलो.

नाना आले आणि कामाला बसले. त्यांचं काम बघण्यासारखं होतं हे आज मी कबूल करतो. स्प्रिंगच्या डब्यातलं वाळून दगड झालेलं ग्रीस त्यांनी रॉकेलने सोडवलं. तुटलेल्या स्प्रिंगचं टोक दिव्याच्या ज्योतीवर मऊ करून नवीन भोक पाडलं. साऊंडबॉक्समधलं रबर कडक झालं होतं, त्याच्या जागी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी कापून लावायची म्हणाले. पण ते साऊंडबॉक्स उघडण्याचं काम दुपारी, मी आडवा झालो असताना झालं. उठून बघतो तर नाना पाठ करून बसलेले, आणि माझी चाहूल लागताच त्यांनी हातातली वस्तू फडक्याखाली घेतली.

"झाला का?" मी विचारलं.

"नाही. थोडं राहिलं."

"काय राहिलं?"

"उद्या बघू," नाना म्हणाले. तोवर हा माणूस माझ्याशी बोलताना सरळ माझ्याकडे बघत असे. त्या वेळी त्याने खाली बघितलं.

जेवताना नवरा-बायको त्यांच्या बोलीत हळू आवाजात बोलत होते. काकूंनी एकदा नानांच्या उजव्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या ताटात न विचारता आणखी एक तळलेला बोंबील घातला. आम्ही पाहुण्याला आग्रह करतो तो मोठ्याने, घर दणाणून. हा गुपचूप आग्रह मला लाचेसारखा वाटला.

अर्नाळा, तिसरा दिवस

सकाळी नाना म्हणाले, "आज तुम्ही अर्नाळा बघून या. समुद्रातला किल्ला आहे. संध्याकाळपर्यंत या, घाई नाही."

म्हणजे मी घरात नको होतो. नाही म्हणायला कारण सापडेना म्हणून गेलो.

ऑफिसच्या अंकात मी अर्नाळ्याचं फार सुंदर वर्णन केलं होतं. खरं सांगायचं तर मी त्या किनाऱ्यावर फक्त एक साऊंडबॉक्स बघत होतो. समोर पाण्यात किल्ला होता, होड्या होत्या, बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांना हजारो बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत होते, आणि मी हिशेब करत होतो की असा डबा मुंबईत एखाद्या शौकिनाला द्यायला नानांना किती वेळ लागेल. त्या विचारात मी एका बांबूला टेकलो. बांबू कलला आणि एक अख्खी रांग वाळूत आली.

"आरं ए! डोलं हायेत का बटनं?" मासे पालथे घालणारी एक म्हातारी धावत आली.

मी माफी मागून बोंबील उचलू लागलो. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "असं नाय. शेपटी खाली." मग माझ्या तोंडाकडे बघून तिचा आवाज उतरला. "बस तिकडं. पानी पी. तोंड कसं झालंय, कुनी लुटलं काय तुला?"

"अजून नाही."

"मंग आधीच कशाला रडतंस?"

शेजारच्या बायका खो खो हसल्या. तिने मला तांब्याभर पाणी दिलं आणि मी पाडलेले बोंबील स्वतः पुन्हा टांगले. एका अनोळखी बाईची माफी मी त्या दिवशी क्षणात मागू शकलो होतो, हे पुढे मला फार वेळा आठवलं.

किल्ल्यावर मी गेलोच नाही. अंकात गेलो असं लिहिलं. होडीची वाट न बघता दुपारीच सांडोरला परतलो, मुद्दामच, न सांगता. केळीतून मागच्या वाटेने आलो. नाना परसात उकिडवे बसले होते. समोर करवंटीत केळीच्या वाळक्या पानांची राख, तेलाची वाटी, फडकं. हातात काहीतरी घासत होते. मला बघून ते इतके दचकले की करवंटी लवंडली.

"लवकर आलात," ते म्हणाले.

"हो."

"किल्ला आवडला?"

"फार."

आम्ही दोघं एकमेकांशी खोटं वागत होतो. फरक एवढाच की त्यांना माझं कळत नव्हतं.

चौथा दिवस

सकाळी ओटीवर काकूंनी स्वच्छ चादर टाकली. नानांनी फोनो आणून मांडला, हँडल मारलं आणि घरातली एक जुनी रेकॉर्ड लावली, सनईची. आवाज आला. नुसता आला नाही, मला चार वर्षांचा करून टाकणारा आवाज आला. शेजारच्या घरातली माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. नानांची मुलगी म्हणाली, "बाबा, वाजला!"

रेकॉर्ड संपली. मी पुढे झालो, साऊंडबॉक्स काढला आणि उलटा केला. मागची बाजू आरशासारखी होती. रेघा नव्हत्या.

"हा आमचा नाही," मी म्हणालो.

कुंपणापलीकडचा एकजण उगाच खाकरला.

"तुमचाच आहे," नाना म्हणाले.

"नाही. आमच्यावर खूण होती."

मला वाटलं होतं की ते चिडतील, नाहीतर शपथा घालतील. नाना माझ्यासमोर चादरीवर बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"खूण म्हणजे मानेजवळचा ओरखडा ना? दोन रेघा?" ते म्हणाले. "तुम्ही बघितलात म्हणजे. मला वाटलं होतं तुमच्या नजरेला पडायच्या आत घालवीन. आलात त्या दिवशी मी बघितलं होतं, मागची बाजू साफ होती. दुसऱ्या दिवशी उघडायला घेतला तर रेघा. माझ्याच हातून पेचकस सरकला असणार, आणि मला कळलंही नाही. दीड दिवस घासला तेव्हा गेल्या. तुम्हाला अर्नाळ्याला त्याचसाठी पाठवलं. रागावू नका."

"मी कधीपासून सांगतेय," काकू हळूच म्हणाल्या, "आता हात कापतो, डोळ्यांना दिसत नाही. ऐकत नाहीत."

"चाळीस वर्षांत गिऱ्हाईकाच्या वस्तूवर माझी रेघ उठली नव्हती," नाना म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते.

मी अंगठा साऊंडबॉक्सच्या काठावरून फिरवला. खोच तिथेच होती, मी पाडलेली.

आता मी काय बोलायला हवं होतं हे सांगायची गरज नाही. चार-पाच शब्द. पण ते बोललो असतो तर ओटीवरच्या आणि कुंपणापलीकडच्या सगळ्यांना कळलं असतं की ज्यांच्या ताटात मी जेवत होतो त्यांना चोर समजून मी विहिरीमागे लपून पिन चालवली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू द्या हो नाना. चालायचंच. वय झालं की होतं असं."

मी त्यांना माफ केलं!

नानांनी हात जोडले. काकूंनी सुकेळ्यांची दोन पुडकी माझ्या पिशवीत घातली. अंकातली ती खोटी ओळ हीच: "कारागिराच्या हातून किरकोळ ओरखडा पडला, पण त्यांच्या वयाकडे पाहून मी तो मनावर घेतला नाही."

घरी

दादांनी पंचांग बाजूला ठेवलं, कापड काढलं आणि हँडल मारलं. आईच्या आवडीची रेकॉर्ड त्यांनी मला न विचारता काढली. संपल्यावर साऊंडबॉक्स हातात घेऊन काठावर अंगठा टेकवला. "ही तुझी खोच," ते हसून म्हणाले. "हा माणूस जाणता आहे. खोच ठेवलीन आणि बाकी सोन्यासारखं केलंन. मी त्याला पत्र लिहितो."

त्यांनी लिहिलं. पंधरा दिवसांनी नानांच्या मुलीच्या अक्षरात कार्ड आलं. दादांना नमस्कार, फोनो चांगला वाजतो हे वाचून आनंद झाला, आणि शेवटी: बाबांनी आता हे काम बंद केलं आहे. हाताचा भरवसा राहिला नाही असं ते म्हणतात. हत्यारं देऊन टाकली. तुमचा फोनो शेवटचा.

दादांनी कार्ड मला मोठ्याने वाचून दाखवलं. "अरेरे," ते म्हणाले. "असा हात, आणि थांबला."

मी उठून पाणी प्यायला गेलो.

सांडोर, दुसऱ्यांदा

तीन वर्षांनी दादा गेले. शेवटच्या महिन्यात अंथरुणाशेजारी फोनो होता. एकदा म्हणाले, "वसईच्या त्या नानांना माझा नमस्कार सांग. स्वतः जाऊन सांग." तो निरोप घेऊन मी पुन्हा गेलो, आणि या वेळी वाक्यही तयार करून नेलं होतं. प्रवासभर ते मनात म्हणत होतो.

नाना परसात सुकेळी बांधत बसले होते. मला लगेच ओळखलं. दादा गेल्याचं ऐकून हातातलं काम खाली ठेवलं. "शेवटपर्यंत ऐकत होते?"

"शेवटपर्यंत."

"मग झालं," ते म्हणाले, आणि पुन्हा पान उचललं.

काकूंनी गुळाचा चहा आणला. "तुमच्या मशीननंतर ह्यांनी पेचकस धरला नाही," त्या म्हणाल्या. "देवळातली पायपेटी बिघडली, शेजारच्या चर्चचे फादर स्वतः येऊन बसले की आमचीही एक बघून द्या, तरी नाही म्हणाले. मीच हात कापतो, हात कापतो म्हणत होते ना, आता मलाच वाईट वाटतं. दिवसभर हा माणूस नुसता केळी बांधतो."

मी नानांच्या हातांकडे बघत होतो. ते वाळकं पान घडी करत, त्यात सुकेळी रचत, केळीचा बारीक दोरा दोन फेऱ्यांत गुंडाळत आणि एका बोटाने गाठ मारत. एक पुडकं झालं की दुसरं. सगळी एका मापाची. मी वीसेक पुडकी मोजली. हात एकदाही कापला नाही.

"नाना," मी म्हणालो.

"बोला."

त्यांनी मान वर केली. पूर्वीसारखं सरळ माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही तेव्हा फार मोठं मन दाखवलंत," तेच म्हणाले. "दुसरा असता तर गावभर बोलला असता. मी हिला नेहमी सांगतो."

मी चहा संपवला. दादांचा नमस्कार सांगितला. पिशवीत पुडकी घेतली, वाकून दोघांच्या पाया पडलो आणि निघालो. पाटाच्या वळणावर एकदा थांबलो. तिथून परस दिसत होतं, नाना पुडकं बांधत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती एवढंच अंतर होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात चुरींनी ऑफिसात सांगितलं की नाना गेले. फोनो अजून माझ्याकडे आहे आणि वाजतो. वाक्य मी तेव्हा जसं पाठ केलं होतं तसंच आहे. नाना, तुमचा हात कधीच चुकला नव्हता. त्या रेघा मी ओढल्या होत्या.